अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरचे राठ केस: हार्मोनच्या गोळ्या की मेटफॉर्मिन?

पीसीओएसमध्ये (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडात) या दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकत्र येतात, आणि डॉक्टरही बहुधा या दोन औषधांपैकी एक सुचवतात.

केसांचा त्रास जास्त असेल, तर माझा कौल हार्मोनच्या एकत्रित गोळ्यांना, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांना. त्या अंडाशयातून होणारी टेस्टोस्टेरॉनची (केस राठ करणाऱ्या पुरुषी हार्मोनची) निर्मिती कमी करतात, रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन घटवतात आणि दर महिन्याला रक्तस्राव घडवून गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ देत नाहीत. पण धीर हवा! केसांचं चक्र संथ असतं, त्यामुळे फरक दिसायला साधारण ६ महिने लागतात. आधीच राठ झालेल्या केसांसाठी बहुधा लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेच्या सौम्य प्रवाहाने केसांची मुळं नष्ट करणं) लागतं. रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं दिसून येणारी मायग्रेन (अर्धशिशी) असेल किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान चालू असेल, तर या गोळ्या नकोत.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध; ते इन्सुलिनचं (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं) काम सुधारतं. साखर वाढू लागलेली असेल तेव्हा ते जास्त उपयोगी. पाळीही सुधारू शकते, केसांवर मात्र परिणाम अगदी थोडा. सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात. शिवाय ते गर्भनिरोधक नाही, उलट बीजनिर्मिती सुरू होऊन दिवस राहू शकतात.

केस अचानक, झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर आधी तपासणी करून घ्या.