शाळेची प्रयोगशाळा नव्याने करताना: ग्रॅनाइट की कडप्पा, गॅस की स्पिरिटचा दिवा

जुन्या तीन प्रयोगशाळा दुरुस्त करायच्या की मधली भिंत काढून एकच मोठी करायची, इथूनच संचालक मंडळाच्या बैठकीत वाद सुरू होतो. शाळा दहावीपर्यंतच असेल, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं नसेल, तर माझं मत एकाच प्रयोगशाळेच्या बाजूने आहे. दहावीच्या विज्ञानाला 40-40 गुणांचे दोन लेखी भाग आणि 20 गुणांचं प्रात्यक्षिक. तेवढ्यासाठी तीन खोल्यांची वायरिंग, तीन ठिकाणचे नळ आणि तीन कुलपं सांभाळायला माणूस कुठून आणणार? भिंतीला हात लावण्याआधी मात्र ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि प्रयोगशाळा एक केली तरी सामानाच्या खोल्या दोनच ठेवा. आम्लाच्या बाटल्यांशेजारी ठेवलेल्या व्होल्टमीटरचे स्क्रू हिरवट होऊन आखडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

खरा निर्णय ओट्याच्या दगडाचा. कडप्पा स्वस्त, सहज मिळणारा आणि मिस्त्रीच्या हाताखालचा, म्हणून कोटेशनमध्ये तोच येतो. आमच्या शाळेतही तोच आला होता. मी ठेकेदाराला बोलावलं आणि नमुन्याच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. बारीक बुडबुडे फसफसत वर आले, आणि पुसल्यावर काळ्या दगडावर पांढुरका, बोटाला खरखरीत लागणारा डाग राहिला. कडप्पा हा चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेटवर आम्ल टाकून कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि चुन्याची निवळी दुधाळ करून दाखवायची, हा प्रयोग आपण मुलांकडून करून घेतो. कडप्प्याच्या ओट्यावर तीच अभिक्रिया सांडलेल्या प्रत्येक थेंबासोबत होत राहते. कोटा फरशीचंही तेच. ग्रॅनाइट महाग पडतो, पण शाळेत वापरात असलेली आम्लं त्याचं काही बिघडवत नाहीत.

ग्रॅनाइट घेऊनही एक चूक सर्रास होते. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले जातात, आणि आम्ल नेमकं तेच खातं. मग पाणी खाली झिरपतं आणि ओट्याखालच्या कपाटांचं प्लायवूड फुगतं. सांध्यांना इपॉक्सीच हवं, आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. जुना कडप्पा फेकू नका, भौतिकशास्त्राच्या बाजूला आणि सामानाच्या खोलीतल्या फळ्यांना तो उत्तम चालतो. सिंकसाठी चकचकीत स्टीलपेक्षा पॉलिप्रॉपिलीन बरं. हायड्रोक्लोरिक आम्लाने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

ओटे भिंतीलगत की खोलीच्या मधोमध? मधोमध असले की शिक्षकाला सगळ्या मुलांचे चेहरे दिसतात, हा फायदा मोठा आहे. पण मग पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या फरशीखालून न्याव्या लागतात. आमच्या नागपुरात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळमजल्यावरच्या नळ्यांचे सांधे त्यात निखळतात. एक चोकअप काढायला सगळी फरशी फोडावी लागते. म्हणून पाणी आणि ज्योत भिंतीलगत, मधे हलवता येणारी साधी टेबलं. काचेच्या चिपेतून अपवर्तन, भिंगाचं नाभीय अंतर, सूक्ष्मदर्शक, सगळं त्या टेबलांवर होतं.

गॅस की स्पिरिटचा दिवा? गॅसच्या बर्नरची ज्योत तेज आणि स्थिर असते, पण एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर बाहेर जाळीच्या कपाटात, खोलीत पक्की नळी, प्रत्येक ओट्याला वेगळा कॉक आणि जमिनीजवळ झरोके, एवढं जमत नसेल तर गॅसच्या वाटेला जाऊ नका. दहावीपर्यंत स्पिरिटच्या दिव्यावर भागतं. फक्त पेटता दिवा कुणीही भरायचा नाही, आणि स्पिरिटचा कॅन शिक्षकाच्या कुलपात.

कूलरचाही विचार आत्ताच करा. खिडकीतला कूलर ज्योत विझवतोच, शिवाय आम्लाची वाफ थेट व्हरांड्यात ढकलतो. समोरच्या भिंतीवर उंचावर एक्झॉस्ट असेल तर ती बाहेर जाते. सूक्ष्मदर्शक कूलरच्या ओलाव्यापासून दूर ठेवा, भिंगांवर बुरशी धरते.

विजेबद्दल एवढंच: अर्थिंग नव्याने, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच.

कुणी म्हणेल, अटल टिंकरिंग लॅबचं 20 लाखांपर्यंतचं अनुदान आहे, त्यातच भागवू. ती योजना चांगली, पण ती इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटरसाठी आहे. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून बघायला मुलाला वेगळाच ओटा लागतो.

काम दिवाळीत की उन्हाळ्यात? दिवाळीची सुट्टी रंगकामालाच पुरते. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा एक-दोन आठवडे उशिरा उघडतात, ते दिवस आपल्या कामी येतात. तोडफोड एप्रिलच्या शेवटी उरका. मे महिन्याच्या उन्हात सिमेंट पटकन सुकतं आणि तडकतं, तेव्हा ओले गोणपाट टाकून दिवसातून तीन-चारदा पाणी मारायला माणूस नेमा. छताची गळती पावसाआधी. आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल काढण्यापूर्वी सगळे नळ एकदम सोडून अर्धा तास तिथेच थांबा. प्रत्येक सिंकखाली हात फिरवून बघा, ओल लागते का.