नमुना पितळेचा, माल लोखंडाचा

अंगणात छोटी रेल्वे मांडू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे ३८,००० रुपये गेले.

बेलापूरला आमच्या रो-हाउसच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे ४५ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली, गाडी फिरवायची, हे नोकरीत असल्यापासून डोक्यात होतं. इथे मे महिन्यात रूळ हाताला चटका देतात, पुढे चार महिने पाऊस, शिवाय खाडीची खारी हवा. म्हणून रूळ भरीव पितळेचे आणि स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकचे, याखेरीज काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पितळ काळवंडतं, पण लोखंडासारखं गंजून झडत नाही. वीज रुळांतूनच जाते. काळवंडल्यामुळे ती अडली, तर वरचा माथा घासून घेतला की गाडी पुन्हा धावते.

ठाण्याच्या एका विक्रेत्याने नमुन्याचा तुकडा घरी पाठवला. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. कानशीने घासलं, आतही पिवळंच. मग २२ मीटरचे सगळे पैसे आगाऊ दिले. "पावती मालाबरोबर देतो, काका," म्हणाला. माल आला, पावती नाही. प्रत्येक नग सीलबंद, वर चिठ्ठी: सील तोडल्यास माल परत घेणार नाही. ती वाचून मी लोहचुंबक खिशातच ठेवलं. तिथेच माल परत पाठवायला हवा होता.

मेअखेर खडी अंथरून रूळ टाकले. सहा मीटरच्या सरळ पट्ट्यात पितळ ४० अंशांनी तापलं तर साधारण साडेचार मिलिमीटर वाढतं, म्हणून सांध्यांत मोजून फटी ठेवल्या. जुलैच्या मध्यावर त्याच फटींतून तांबूस पाणी ओघळू लागलं. रुळाच्या टोकाला लोहचुंबक नेलं, टपकन चिकटलं. लोखंडावर पितळेचा नुसता मुलामा! दिवाळीपर्यंत स्लीपरही पांढरट पडले. रूळ धरणारे आकडे बोटाने दाबले तरी तुटायचे.

त्याने फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पावती नाही, पैसे पाठवल्याची नोंद आणि 'सॉलिड ब्रास' असा त्याचा स्वतःचा मेसेज, एवढंच हातात आहे. तो मी पुसलेला नाही. तुम्हीही असले मेसेज पुसू नका. आणि सगळे नग उघडून, एकूणएक रुळाला लोहचुंबक लावून झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नमुन्याचा तुकडा पावसाळाभर त्याच अंगणात पडून होता. तपकिरी झालाय फक्त. घासला की पुन्हा पिवळा.