मसाई मारा सफारी बुक करताय? पार्क फीचं आधी बघा, आमचे १६०० डॉलर गेले

ऑगस्टमध्ये केनियात मसाई माराच्या गेटवर आम्हाला पार्क फी दुसऱ्यांदा भरावी लागली, १६०० डॉलर, आणि अजून एक पैसा परत आलेला नाही.

मी, बायको, मेहुणा आणि त्याची मिसेस. नैरोबीचा ऑपरेटर, ३ दिवस २ रात्री, माणशी ५२० डॉलर, पार्क फी धरून, तसं कोटेशनमध्ये लिहिलेलं. १०४० डॉलर बँकेतून पाठवले, उरलेले १०४० निघायच्या सकाळी त्याच्या माणसाने हॉटेलच्या लॉबीत रोख मोजून घेतले. वाटेतलं नारोक शहर मागे टाकून माराच्या सेकेनानी गेटला पोचलो तर ड्रायव्हर म्हणतो ऑफिसने फी भरलेलीच नाही. ऑपरेटरचा फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. मागे गाड्या हॉर्न मारतायत, बायका घाबरलेल्या, काय करणार, माणशी २०० प्रमाणे ८०० डॉलर कार्डाने भरले. दुसऱ्या दिवशी परत ८००, कारण तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं.

राग कशाचा येतो सांगू? कोटेशनच्या दुसऱ्या पानावर फी 'माणशी १०० डॉलर रोज' अशी छापली होती. १०० हा परदेशी लोकांचा जानेवारी ते जूनचा दर, जुलै ते डिसेंबर २००, हे २०२४ च्या जुलैपासून आहे. म्हणजे दोन दिवसांची नुसती फीच ४००, मग उरलेल्या १२० डॉलरमध्ये हा माणूस लँड क्रूझर, डिझेल, कॅम्प, जेवण, ड्रायव्हर कसं बसवणार होता? हे गणित मेहुण्याने गेटवरच्या रांगेत केलं. ते पान मी व्हिसाच्या गडबडीत चार वेळा उघडलं होतं हो! पण त्याची वेबसाइट होती, रिव्ह्यू होते, लायसन्स नंबरसुद्धा होता (दुसऱ्याच कंपनीचा निघाला), इथे बसून अजून काय तपासणार माणूस? स्वस्ताच्या मागे लागलात म्हणणाऱ्यांनी जरा स्वतः पाच कोटेशनं मागवून बघावीत, डोकं गरगरतं.

आणि तो व्हिसा पण, म्हणजे आता ईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी), सरकारी साइटवर तीसेक डॉलरला मिळतो, गूगलवर वर येणाऱ्या तसल्याच दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात, पत्ता नीट वाचा.

पोलिसांचं तर विचारूच नका. तिथल्या चौकीत म्हणाले पैसे नैरोबीत दिले, नैरोबीत जा. नैरोबीत म्हणाले घटना गेटवर झाली, तिकडे लिहून द्या. परवा फ्लाइट आहे म्हटलं तर साहेब जेवायला गेले, दोन तास बाकड्यावर बसवलं, शेवटी साध्या कागदावर शिक्का, नंबरसुद्धा नाही. इथे आल्यावर सायबरवाले म्हणतात खातं परदेशातलं, बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच केलीत, कार्डाचे पैसे तर खऱ्या तिकिटाला गेले त्यामुळे तेही परत मागता येत नाहीत. मग तक्रार करायची कोणाकडे?

रोख देऊ नका. खातं कंपनीच्या नावावर नसेल तर तिथेच थांबा. फी भरल्याची पावती नैरोबी सोडायच्या आधी हातात मागा, नसेल तर गाडीत बसूच नका. ऑपरेटर 'काटो'चा, म्हणजे तिथल्या टूर ऑपरेटर संघटनेचा, मेंबर आहे का ते संघटनेलाच विचारा, त्याच्या साइटवरच्या लोगोवर जाऊ नका.

त्या माणसाचं पेज नाव बदलून चालूच आहे, कालच ४९० डॉलरची 'मायग्रेशन ऑफर' (प्राण्यांच्या स्थलांतराच्या सीझनची) टाकलीय, पार्क फी धरून.