बिडाच्या तव्यावर बोकडाचा स्टेक : आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीत यवतमाळहून साडेआठशेला दहा इंची बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणला, तो खास स्टेकसाठी, म्हणजे मांसाचे जाड काप भाजायला. इटलीत तगलियाता करतात त्यात गोमांस भाजून तिरपं कापतात, वर ताजी पानं, टोमॅटो घालतात. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे आणि आमच्या घरी तसाही बोकडच शिजतो. म्हणून खाटकाकडून मांडीचे बिनहाडाचे, बोटभर जाड काप आणते. धाग्याला आडवे कापून घ्यायचे, नाहीतर चावून चावून दात दुखतात.

मुरवायला लसूण, मिरे, लिंबू, तेल आणि अर्धा किलोला चमचाभर कच्च्या पपईचा कीस. पहिल्यांदा रात्रभर ठेवलं आणि वरचा थर पिठासारखा झाला. पपईतलं पेपेन धागेच तोडतं, त्यामुळे तासभर पुरे. मग फडक्याने टिपून काप अगदी कोरडे करायचे. ओले टाकले की ते भाजतच नाहीत, आपल्याच वाफेत शिजतात.

आमच्या चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं असतात. भडकन पेटतात, लगेच विझतात. पातळ तव्यावर मांस कुठे करपतं, कुठे कच्चं राहतं. बीड मात्र आच धरून ठेवतं. दोन्ही बाजू चार-चार मिनिटं, मग निखाऱ्यावर झाकण ठेवून आतपर्यंत शिजू देते. उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही.

चूक एकच मोठी झाली. सुरुवातीला टोमॅटोही याच तव्यात शिजवायची. आंबटाने तव्यावर तेल भाजून बसलेला काळा थर निघाला, रश्श्याला लोखंडाची चव आली. त्यात रात्रभर पाणी घालून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "ओला ठेवशीन त जंग लागनच ना वं!" मग घासून, घाण्याच्या जवसाच्या तेलाचा पुसट हात देऊन धूर येईपर्यंत तापवला, निववला. असं तीनदा केलं तेव्हा कुठे तवा परत काळाभोर झाला.

तेव्हापासून टोमॅटो कच्चेच. गावरान टोमॅटो बिया काढून चिरायचे, मीठ लावून दहा मिनिटं निथळायचे, मग ठेचलेला लसूण आणि ऑलिव्ह तेल. जवसाचं तेल इथे कडवट लागतं. बेझिलसाठी, म्हणजे इटालियन जेवणातल्या तुळशीसाठी, शहरात जायची गरज नाही. फालुद्यातला सब्जा म्हणजे त्याच तुळशीचं बी. परसात मूठभर टाकलं होतं, आता हवी तेवढी पानं मिळतात. पानं हातानेच तोडते आणि सगळं गरम मांसावर अगदी वाढताना घालते. थंड टोमॅटोचा रस कापांत उतरतो, ती चव शिजवलेल्या टोमॅटोला कधीच आली नाही.

तव्याचे कान फार तापतात, जाड फडकं लागतंच. आता पाऊस लागल्यापासून दोन दिवस नुसता ठेवला तरी कडेला तांबूस डाग येतो, म्हणून पुसल्यावर चुलीवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवते.