उटोयावरचे दोन सिनेमे: कोणता बघायचा?

भाचीचा प्रश्न होता, ‘मावशी, एकच बघायचा तर कोणता?’ दोन्ही २०१८चे. २२ जुलै २०११ला नॉर्वेत एका अतिउजव्या दहशतवाद्याने ऑस्लोत बॉम्ब फोडून ८ आणि उटोया बेटावरच्या युवा शिबिरात ६९ जीव घेतले, त्यावरचे.

एरिक पोप्पेच्या ‘उटोया: २२ जुलै’मध्ये बेटावरची ७२ मिनिटं सलग एका शॉटमध्ये आहेत. प्रत्यक्ष गोळीबारही जवळपास तेवढाच चालला होता. आपण काया नावाच्या काल्पनिक मुलीच्या पाठीपाठी, चिखलात, झाडांआड. मारेकरी म्हणजे लांबवर एखादी आकृती. बाकी फक्त बंदुकीचे आवाज. एक जखमी मुलगी कायाच्या कुशीत जीव सोडते आणि तिचा फोन वाजायला लागतो. पडद्यावर नाव: ‘मम्मा’. मी तिथे पॉझ केलं, खोटं कशाला सांगू.

पॉल ग्रीनग्रासच्या ‘२२ जुलै’त हल्ला लवकर आटोपतो. पुढे वाचलेल्या मुलाचे उपचार, आरोपीचा वकील, खटला. नंतरचं जगणं इथेच कळतं. पण मारेकऱ्याला चेहरा आणि भरपूर संवाद मिळतात, ते मला खटकलं. कलाकार नॉर्वेचे आणि बोलतात इंग्रजी, हेही कृत्रिम वाटतं. पोप्पेचा सिनेमा नॉर्वेजियनमध्येच आहे.

खटला, कायदा, सावरणं समजून घ्यायचं असेल तर ग्रीनग्रास. अडीच तासांच्या आसपास वेळ काढ. त्या मुलांवर काय गुदरलं ते अनुभवायचं असेल तर पोप्पे, पण रात्री एकटीने नको.