रिटर्न पंप की वेव्हमेकर?
रत्नागिरीतल्या माझ्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीनं पहिलं वर्ष एकट्या रिटर्न पंपावर काढलं. सम्पमधून, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतून, पाणी वर, एकाच तोंडातून धार. धार पडे तिथली वाळू उडून तळाची काच दिसायची, दगडांमागे तपकिरी गाळ बसायचा. समोरचं प्रवाळ तर मिटूनच असायचं.

वेव्हमेकर म्हणजे टाकीतच बसवायचा पंख्यासारखा पंप. तो पाणी वर चढवत नाही, जागच्या जागी ढवळतो. म्हणून थोड्या विजेत कितीतरी जास्त पाणी हलतं. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या १० ते २० पट प्रवाह पुरतो, म्हणजे माझ्याकडे ४,००० लिटरपर्यंत. फांद्यांच्या कठीण प्रवाळांना याच्या दुप्पटही लागतो. एवढं रिटर्नकडून मागितलं तर ओव्हरफ्लोचा (पाणी खाली सम्पमध्ये उतरायच्या वाटेचा) सवतकडा धबधबाच व्हायचा! दोन वेव्हमेकर समोरासमोर, आलटूनपालटून चालवा. प्रवाळाचे हात दोन्हीकडे डुलले की समजायचं जमलं.

रिटर्न काढून मात्र चालत नाही, फेसातून घाण काढणारा स्किमर सम्पमध्येच असतो. पावसाळ्यात लाइट गेली की डीसी वेव्हमेकर छोट्या बॅटरीवर तासन्‌तास चालतो. रिटर्न थांबला की पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा रिकामी ठेवा. मी रात्री दोनला ओटी पुसलेली आहे.