गुहागर स्टँडजवळचं सायबर: आपलं लॉगिन मागे राहत नाही

फळपीक विमा, सातबारा, पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म, गणपतीनंतर चिपळूणहून परतीचं तिकीट, ह्या सगळ्यासाठी आमच्या वाडीतली माणसं अजून सायबरच गाठतात, घरी रेंज धड नसते आणि प्रिंट तर लागतेच. म्हणून ह्या दुकानाबद्दल मुद्दाम लिहितोय.

मागे दुसऱ्या एका ठिकाणी साईट उघडली तर आधीच्या गिऱ्हाईकाचं अकाउंट तसंच चालू, नाव, आधारचे शेवटचे आकडे, सगळं समोर! हे होतं कुकीमुळे. लॉगिन केलं की साईट ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते आणि पुढे प्रत्येक क्लिकला तीच बघून ओळखते, मग समोर कोण बसलंय ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही. सेशन कुकी ब्राउझर बंद केल्यावर जाते, पण नुसता टॅब बंद करून नाही, आणि क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' ही सेटिंग असेल तर ती परत उभी राहते. दुसरी पर्सिस्टंट, म्हणजे टिकून राहणारी, तिला मुदत असते, क्रोममध्ये जास्तीत जास्त ४०० दिवस. 'रिमेंबर मी'वर टिक केलं की बहुतेक हीच बसते.

इथले दादा प्रत्येक गिऱ्हाईकाला क्रोममध्ये नवीन इन्कॉग्निटो विंडो (बंद केली की कुकीज पुसणारी खाजगी विंडो) उघडतात आणि काम झालं की आधी लॉगआऊट करून मग सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद करतात, एक जरी उघडी राहिली तरी कुकीज राहतात ना. डाऊनलोड झालेली पीडीएफ आपोआप जात नाही, ती आपल्यासमोर डिलीट करतात, रिसायकल बिनमधूनसुद्धा. माझ्या आईला स्क्रीन वळवून दाखवलं, "बघा काकू, गेलं." हे मला फार आवडलं.

साईटवर कुकीजची परवानगी मागणारी पट्टी आली की ते डोळे झाकून ॲक्सेप्ट दाबत नाहीत, रिजेक्ट शोधतात. लॉगिनच्या, भाषेच्या कुकीज त्या साईटच्याच कामाच्या असतात, पण थर्ड पार्टीवाल्या म्हणजे बाहेरच्या, बहुतेक जाहिरात कंपन्यांच्या, तुम्ही ह्या साईटवरून त्या साईटवर काय बघत फिरताय ते जोडत बसणाऱ्या. इन्कॉग्निटोत क्रोम त्या मुळातच अडवतं.

त्रास म्हणाल तर दरवेळी नव्याने लॉगिन, नव्याने ओटीपी, आणि नेट स्लो असलं की रांग पार पायरीपर्यंत. माझी त्याला हरकत नाही. बसायला बाकडं मात्र हवं, म्हातारी माणसं उभी असतात. रेट बाजारातल्यासारखेच.

एक स्टार कमी दिलाय तो कोपऱ्यातल्या मशीनसाठी. तिथे लोक स्वतः बसतात, साधी विंडो उघडतात आणि तशीच सोडून जातात. दादा, त्यावर फायरफॉक्स टाकून 'बंद केल्यावर कुकीज डिलीट करा' चालू करून ठेवा, पाचवा स्टार लगेच देतो.